पार्वताच्या छातीतली काजळी

फराळाचं ताट पुढे घेऊन दिवाळी अंक वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी हा लेख ताट बाजूला ठेवल्यावर वाचावा. कारण मी नोकरीभर बेडके तपासले. बेडका म्हणजे खोकून काढलेला कफ. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते आणि माझ्या वाट्याला आलेला बाक कफाचा होता. रक्ताचा बाक सगळ्यांना हवा असायचा, लघवीचाही चालायचा. हा बाक मात्र कुणी मागितला नाही. मी आमच्या वस्तीतून शिकून आलेली पहिली मुलगी, तलमडुगुकडच्या खेड्यातली. आईबाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचणारे. हा बाक मलाच का मिळाला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पुढे बदलून घेण्याची वेळ आली तेव्हा मीच नको म्हटलं. तोवर मला त्या कामातलं कळायला लागलं होतं.

काम सोपं आहे. डबीतला कफ काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, आचेवर शेकायचा. मग लाल रंग, मग आम्ल, मग निळा रंग. सगळं निळं दिसतं आणि टीबीचे जंतू असले तर तेवढेच लाल राहतात, बारीक काड्यांसारखे. आता मशीन आलं आहे, डबी लावली की ते आपलं आपण सांगतं. पण मी निघेपर्यंत सूक्ष्मदर्शकही होता आणि माझा विश्वास त्याच्यावर जास्त होता.

अवघड काम असतं ते लोकांकडून खरा कफ मिळवण्याचं. दहातले सात जण थुंकी आणून देतात. "खोकून आन बापा, छातीतून आन," म्हणून मी रोज ओरडायचे. एका माणसाने तर बायकोच्या नावावर स्वतःचा कफ दिला होता, गावात आपली बदनामी होऊ नये म्हणून. जंतू सापडले. औषधं घ्यायला बायको आली. धडधाकट, गालावर लाली, खोकला नावाला नाही. मी तिला विचारलं, "खोकला कोणाला आहे?" तर ती बिचारी दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघायला लागली. मी त्याला आत बोलावलं आणि औषध त्याच्या हातात दिलं. त्याने मान वर केली नाही.

कफ खरोखर छातीतला आहे हे ओळखायची खूण म्हणजे त्यातल्या मोठ्या गोल पेशी. फुफ्फुसाच्या अगदी तळाशी, हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये त्या राहतात. श्वासाबरोबर आत आलेलं जे काही असेल, जंतू, धूळ, ते गिळून टाकणं हेच त्यांचं काम. प्रतिकारशक्तीच्या पेशी. इंग्रजीत मॅक्रोफेज म्हणतात. त्या दिसल्या की मी समजायचे, डबी खरी आहे. मंचेरियलच्या खाणीतून निवृत्त झालेले कुणी लेकीकडे आदिलाबादला आले आणि खोकला म्हणून दवाखान्यात दाखवायला आले, तर त्यांच्या या पेशी काळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेल्या दिसायच्या. कोळसा. त्यात आश्चर्य काही नव्हतं.

पार्वताची पट्टी पाहिली तेव्हा मला वाटलं, डब्यांची अदलाबदल झाली. नाव बाईचं, गाव बाजारहत्नूरकडचं आणि पेशी खाणकामगाराच्या. लाल काडी एकही नाही. मी तिला परत बोलावून दुसरी डबी घेतली. तेच.

"काय काम करता बाई?" मी विचारलं.

"फुटाणे भाजतो. मालक बाजारात इकते, मी भट्टीवर बसतो."

पार्वता तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. उंच, हाडकुळी, डोळे कायमचे लाल. मालक म्हणजे तिचा नवरा, मारोती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये भट्टीसमोर बसत होती. जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, कापूस आणि तूर निघाल्यावर वावरात उरतात त्या काड्या. आमच्या भागात त्याला तोटा नाही. पण पऱ्हाटी जळते कमी आणि धुमसते जास्त.

जंतू नाहीत म्हणून खोकल्याचं औषध घेऊन ती गेली. काही महिन्यांनी पुन्हा आली. पुन्हा जंतू नाहीत. तिसऱ्यांदा आली तेव्हा मारोतीही सोबत होता आणि दोघांचे चेहरे उतरलेले होते.

"ताई, आता तुमीच सांगा," पार्वता म्हणाली. "मले टीबी हाये का नाई?"

"नाही. दोनदा सांगितलं ना."

"मंग लोकं काऊन आयकत नाई?"

मारोतीने सांगितलं ते असं. गावातल्या कुणीतरी तिला आमच्या खिडकीशी डबी घेऊन उभी असलेली पाहिलं. या खिडकीशी जो उभा राहिला त्याला टीबी, असं गावोगाव ठरलेलंच आहे. भर बाजारात एक बाई मोठ्यानं बोलली, टीबीवालीनं भाजलेले फुटाणे लेकरांना देऊ नका. त्या दिवसापासून मारोतीची पाटी भरलेली जात होती आणि भरलेलीच परत येत होती. शेजारणीने पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला होता.

"घरी बसून खाऊन राह्यलो आमीच आमचे फुटाणे," मारोती म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला.

मी दोघांना घेऊन आमच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर करीमनगरकडचे, वयाने माझ्याहून लहान, मला वंदनम्मा म्हणायचे. मराठी त्यांना समजायचं, बोलताना हिंदी यायची. त्यांनी स्वतः येऊन पट्टी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग पार्वताला स्टुलावर बसवून म्हणाले, "देखो अम्मा, तुम भी देखो."

पार्वताने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवून तिला दिसलं.

"हे काळं काळं काय हाये?"

"काजळी," मी म्हणाले. "तुझ्या भट्टीची."

"आत?"

"आत."

ती परत वाकली आणि पाहत राहिली. मग तिने विचारलं, "थुकलं तं निघन ना ताई?"

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी जे समजावलं ते मी मराठीत तिला सांगत गेले आणि सांगता सांगता मलाही पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं मी हे ठिपके पाहत होते, पण ते तिथे बसून काय करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या पेशीने जंतू गिळला की ती त्याला मारते कशाने? आपण श्वासातून घेतो त्या ऑक्सिजनपासून ती काही जहाल रसायनं तयार करते आणि जंतूवर सोडते. त्यात ती स्वतः जळू नये म्हणून ती रसायनं निववणारे पदार्थही तिच्याजवळ असतात. जंतू मेला की सगळं थंड होतं. धुराच्या कणाचं तसं नाही. तो जिवंत नाही, त्यामुळे मरत नाही, आणि पचतही नाही. उलट त्याच्यावर लोखंड, तांबं असे धातू आणि अर्धवट जळलेले तेलकट पदार्थ चिकटलेले असतात. पेशीच्या आत गेल्यावर त्यांच्यामुळे तीच जहाल रसायनं तयार होत राहतात, थांबतच नाहीत. निववणाऱ्या पदार्थांचा साठा संपतो. मग पेशीची स्वतःची भिंत, तिला बळ पुरवणारे आतले भाग, सगळं भाजून निघतं. डॉक्टरी भाषेत याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अशी पेशी आसपासच्या पेशींना मदतीला बोलावत राहते, त्यामुळे फुफ्फुसात सूज राहते आणि माणूस खोकतो. शेवटी ती मरते, काजळी बाहेर सांडते आणि ती दुसरी पेशी गिळते.

"इसलिए दवा से नहीं जाता," डॉक्टर म्हणाले. "धूर बंद करना पडेगा."

पार्वताने सगळं ऐकून घेतलं. मग मला हळूच म्हणाली, "पन टीबी नाई ना?"

"नाही."

"मंग तेवढं गावात येऊन सांगा ताई. तुमच्या पाया पडतो."

टीबीची माहिती द्यायला आम्ही तसेही गावोगाव जायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मुद्दाम तिच्या गावच्या बाजाराचा दिवस धरला. लोक जमले. डॉक्टरांनी टीबी कसा होतो, कसा बरा होतो हे सांगितलं आणि मग सरळ मारोतीच्या पाटीपाशी जाऊन उभे राहिले. मूठभर फुटाणे घेतले, तोंडात टाकले आणि मलाही दिले. मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "पार्वताचा कफ मी माझ्या डोळ्यांनी तपासला. तिला टीबी नाही. या भट्टीच्या धुराने तिला खोकला झाला आहे." अर्धं वाक्य लोकांनी ऐकलं. टीबी नाही, एवढं. संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी झाली. ती बाजारात बोललेली बाईसुद्धा पदरात फुटाणे घेऊन गेली.

पार्वता मला घरी घेऊन गेली. तोवर मी तिची भट्टी पाहिली नव्हती. तीन बाजू बंद, वर काळं पडलेलं टिन, धूर जायला जागा म्हणजे तिच्या डोक्यामागचं दार. वाळूने भरलेली मोठी लोखंडी कढई, लांब दांड्याचा झारा. तिने आग पेटवली आणि मी दोन मिनिटांत बाहेर आले. ती आत बसून माझ्याशी बोलत होती, जणू काही नाहीच.

"पार्वता, हे सोड," मी बाहेरूनच म्हणाले.

ती खळखळून हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "ताई, तुमीच तं गिऱ्हाईक परत आनलं, अन आता तुमीच म्हनता भट्टी सोड!"

घरी येताना गाडीत डॉक्टर खुशीत होते. मला खुश होता येईना. लोकांच्या तोंडातून तिला सोडवलं होतं आणि त्याच धुरापुढे परत बसवून आलो होतो. तिचं नाव साफ करणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माझ्या कामाचा हा प्रकार मला फार थकवून गेला. आम्ही काय नाही ते सांगायचो आणि लोक खुश होऊन जायचे. जे आहे, त्याला आमच्याकडे गोळी नव्हती.

त्या हिवाळ्यात आदिलाबादला थंडी फार पडली. कापूस संपला की वावरं मोकळी करायला लोक पऱ्हाट्या उपटून ढीग लावतात आणि पेटवतात. थंडीत तो धूर वर जात नाही, सकाळी गावांवर पसरून राहतो. एका सकाळी मारोतीने पार्वताला ऑटोत आडवी टाकून आणलं. अंगात ताप, ओठ निळसर, वाक्य पुरं होत नव्हतं. न्यूमोनिया.

ऑक्सिजन लावला. कफाची डबी माझ्याकडे आली, गंजाच्या रंगाचा कफ. मी पट्टी केली आणि पाहिली. जंतू जोडीजोडीने सगळीकडे पसरलेले आणि त्यांच्या मधोमध त्या माझ्या ओळखीच्या गोल पेशी, काळ्याकुट्ट. त्यांच्या पोटात काजळी होती, जंतू नव्हते. मी पट्टी सरकवत राहिले, एखाद्या पेशीने तरी जंतू गिळलेला दिसावा म्हणून. क्वचित कुठे दिसला.

डॉक्टर आले, पाहिलं आणि म्हणाले, "थक गये ये लोग, वंदनम्मा." पेशींबद्दल बोलत होते. काजळीनं भाजून निघालेल्या पेशी जंतू नीट गिळत नाहीत, गिळला तर नीट मारत नाहीत. साधा न्यूमोनिया, जो तिच्या वयाच्या माणसाने आठवड्यात झटकून टाकायचा, तो तिला घेऊन चालला होता.

मारोती वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसलेला असायचा. एकदा मी जेवायला निघाले होते, तर उठून माझ्यासमोर आला.

"बाई, खरं सांगा. धुरानंच झालं ना हे?"

"हो."

"पार्वता म्हने मले, तुमी पाहून घ्या भट्टीकडं, मी कटाळली. मीच म्हनलं, तुया हातासारखी भाजनी मले जमत नाई." त्याने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "वाचली तं मी बसतो भट्टीवर. तिले नाई बसू देत."

ती वाचली. औषधांनी जंतू मारले, पेशींच्या वाट्याचं कामही औषधांनीच केलं. घरी गेली तेव्हा दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालताना तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मारोतीने शब्द पाळला. तो भट्टीवर बसला आणि पार्वता बाजारात पाटी घेऊन बसायला लागली. शेडचं मागचं टिनही त्याने काढलं. दर काही महिन्यांनी पार्वता तपासायला यायची. खोकला कमी होत गेला. मी तिच्या पट्ट्या पाहायचे. पेशींमधली काजळी हळूहळू विरळ होत होती, गेली मात्र नव्हती. दम मात्र पहिल्यासारखा परत आला नाही. फुफ्फुसाचा जो भाग सुजून सुजून कडक झाला, तो पुन्हा मऊ होत नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चालते ताई. बसून इकाचं काम हाये माहं."

माझ्या निवृत्तीच्या आधीचा शेवटचा पावसाळा संपत आला होता. पार्वता आली, सोबत मारोती. मी नेहमीसारखी डबी तिच्या पुढे केली.

"मले नाई," ती म्हणाली. "ह्यायले द्या."

मारोती ओशाळून म्हणाला, "काई नाई बाई, उगाच घेऊन आली. थोडासा खोकला हाये."

"थोडासा?" पार्वता म्हणाली. "झोपेतून उठून खोकते हे. मले ऐकू येत नाई का?"

त्याने बाहेर जाऊन कफ आणला. खरा, छातीतला. मी पट्टी केली. लाल काडी नव्हती, मशीननेही तेच सांगितलं. मी हे सांगितलं तेव्हा मारोती लगेच उठायला लागला. पार्वता उठली नाही.

"मले दाखवा," ती म्हणाली.

तिला आता सूक्ष्मदर्शकात कसं पाहायचं ते माहीत होतं. ती वाकली. पट्टी तिने स्वतःच सरकवून पाहिली. मारोती एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

"काय हाये वं?" त्याने शेवटी विचारलं.

पार्वताने डोकं वर केलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "माह्यासारखंच हाये," ती म्हणाली. "अगदी माह्यासारखंच."

"मले काई होत नाई. मी बाहेरच्या हवेत बसतो."

"मीबी असंच म्हनत होती." ती उठून उभी राहिली आणि पिशवी खांद्याला लावली. "चाला. आता भट्टी पेटवाची नाई."

"अन खाचं काय?"

"ते पाहू. तुमाले घेऊन मले वॉर्डात बसाचं नाई."

स्वतःच्या छातीसाठी तिने भट्टी विझवली नव्हती. दवाखान्यातून जगून वाचून परत गेली, तरी घरातली आग चालूच राहिली होती, फक्त समोर बसणारा बदलला होता. मी इतकं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, त्यातलं काहीही ती आग विझवू शकलं नाही. नवऱ्याच्या पेशी पाहिल्या आणि तिने ती विझवायचं ठरवलं. मला यात जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी पट्टी जंतुनाशकाच्या भांड्यात टाकली आणि पुढची डबी घेतली, कारण खिडकीशी रांग होती.

भट्टी खरंच थंड झाली. आता ते शहरातल्या कारखान्यातून भाजलेले फुटाणे आणतात आणि बाजारात विकतात. मारोतीचा खोकला थांबला म्हणतात. मी निवृत्त झाले. डॉक्टरांची बदली झाली. माझ्या बाकावर आता एक नवी मुलगी आहे, हुशार आहे, मशीन चांगलं चालवते. मी तिला एवढंच सांगून आले आहे की जंतू नसले तरी पट्टी लगेच टाकून देऊ नकोस, गोल पेशी बघ.

मागच्या महिन्यात बाजारात पार्वता भेटली. पाटीमागे बसली होती, मला हात धरून शेजारी बसवलं. मी भट्टीचं विचारलं.

"शेड पाडलं," ती म्हणाली. "कढई अन झारा पलीकडच्या गावचे दोघं नवरा-बायको घेऊन गेले. नवं लगीन झालं त्यायचं, धंदा कराचा म्हने."

"तू त्या पोरीला सांगितलं का?"

"सांगितलं ना. समदं सांगितलं, काजळीचं, पेशीचं, तुमी सांगितलं तसं. आयकून हसली."

"काय म्हणाली?"

पार्वता फुटाण्यांवरून हात फिरवत राहिली. "म्हने, मावशी, मले तं खोकलाबी नाई."